कापलेली चार मिनिटं

माझा नवरा लग्नांचं शूटिंग करतो आणि मी ते कापते. पेणला रामवाडीच्या बाजूला आमचं दुकान आहे. पुढच्या खोलीत पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स, मागच्या खोलीत मी आणि कॉम्प्युटर. पंधरा वर्षं मी लोकांची लग्नं नीटनेटकी करून देते आहे. मानपान चुकला म्हणून फुगून बसलेले मामा, पंगतीत वाढप्यावर खेकसणारे काका, मुंडावळ्यांची गाठ सुटली म्हणून करवलीवर डाफरणारा नवरदेव, सगळे माझ्या हाताखालून गेलेत आणि फिल्ममध्ये कुणी दिसलेलं नाही. पाठवणीला नवरी रडते तेव्हा डोळे भरून येतात तेवढं ठेवायचं, नाक गळायला लागलं की कापायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. दोनचार गिऱ्हाइकांनी फिल्म परत आणून टाकली तेव्हा आपोआप कळलं.

हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते या सवयीनं झालं. मी मुद्दाम काही केलं नाही असं नवरा मला सारखं सांगतो. मुद्दाम केलं असतं तर निदान मला तेव्हाच कळलं असतं.

कॉलेजात आम्ही तिघं एका बाकावरचे. एकाचा गणपतीचा कारखाना आहे, वडिलांच्या वेळेपासूनचा. त्याला आम्ही कारखानदार म्हणतो, आणि नखांतला रंग दाखवत तो म्हणतो, "बघा, कारखानदाराचे हात." दुसरा धाटावला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे आणि रोह्यात भाड्यानं राहतो. तो मूळचा पेणच्या खाडीकडच्या गावातला. त्याचे वडील मिठागरात राबायचे, मिठागर बंद पडल्यावर खाडीचे बांध दुरुस्त करायला जायचे. घरात शिकलेला हा पहिला. त्याला सिनेमाचं वेड असं की शिफ्ट सुटल्यावर झोपायचं सोडून सिनेमा बघत बसायचा आणि मग आम्हाला सांगायचा. तो सांगायचा ते इतकं रंगायचं की नंतर प्रत्यक्ष सिनेमा बघितला की वाटायचं, अरे, एवढंच होय?

म्हणूनच पॉडकास्टची टूम मी काढली. लग्नाच्या कामाचे कॉलरला लावायचे माइक माझ्याकडे होतेच. नवऱ्यानं नाक मुरडलं, पण माइक दिले. रेकॉर्डिंग कारखान्यात, रोह्याच्या मित्राच्या साप्ताहिक सुट्टीला. कारखान्यात का, तर तिथं आवाज घुमत नाही. मे महिन्यापासून पुढे भिंतीपासून भिंतीपर्यंत मूर्ती भरलेल्या असतात, वर मांडण्यांवरही असतात, मधे फक्त चालायला वाट. आम्ही त्या वाटेत तीन प्लास्टिकचे स्टूल टाकून बसायचो. दसऱ्यानंतर मात्र कारखाना रिकामा झाला की तिथं खोकलं तरी दोनदा ऐकू यायचं. तेव्हा आम्ही सुट्टी घ्यायचो.

दर वेळी एक सिनेमा. आधी गोष्ट, मग भांडण, आणि शेवटी दहा मिनिटं ‘काय घेतलं?’ नावाचा भाग. त्या सिनेमातून आपण आयुष्यासाठी काय घेतलं ते प्रत्येकानं सांगायचं. कारखानदार कधी गंभीर झाला नाही. बापलेकांच्या ताटातुटीचा सिनेमा असो की युद्धाचा, त्याचं ठरलेलं, "मी हे घेतलं की हिरोनं वेळेवर जेवायला हवं होतं." मी काहीतरी बायकांच्या बाजूचं बोलायची. खरं ऐकण्यासारखं बोलायचा तो रोह्याचा. आईबापांना वेळ द्या, रुसवा लांबवू नका, समोरच्याचं ऐकून घ्या. एवढं तळमळीनं की पेणच्या बाजारात बायका मला थांबवून विचारायच्या, "तो धाटावचा भाऊ काय छान बोलतो गो. घरी आईबापांचं किती करत असेल!"

मी हसून पुढे जायची. कारण मला आणि कारखानदाराला ठाऊक होतं की हा सहा वर्षं वडिलांच्या घरी गेलेला नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, ते मी त्याला तोंडावर ऐकवलंही होतं. तो नुसता हसला होता.

सहा वर्षांपूर्वी त्याची आई गेली. तेव्हा तो कंपनीत लवकरच परमनंट होणार होता. त्या दिवशी त्याची पहिली शिफ्ट, सकाळी सात ते तीन. आईला पहाटे धाप लागली, दुपारी बाराच्या आत ती गेली. शिफ्ट सुटल्यावर त्याला गावातून निरोप मिळाला, आणि हा संध्याकाळी पोचला तेव्हा लोक त्याच्यासाठीच थांबले होते. अंगणात सगळ्या गावासमोर तो वडिलांवर ओरडला, "मला कळवलं का नाय?" वडील फक्त म्हणाले, "राह्यलं रे." आम्हाला माहीत होतं ते एवढं. पोराची नोकरी पक्की व्हायच्या वेळी खाडा नको म्हणून म्हाताऱ्यानं कळवलं नसेल, असं आम्ही आपलं धरून चाललो होतो. मला त्या म्हाताऱ्याचा रागही यायचा.

मग यंदा आषाढात आम्ही एका सिनेमावर बोललो. त्यात मुलगा परगावाहून येतो आणि दाराला कुलूप असतं, एवढीच काय ती गोष्ट. बाहेर पाऊस होता, पत्र्यावर आवाज येत होता म्हणून माइक जवळ धरून बोलत होतो. ‘काय घेतलं?’ आलं. कारखानदार जेवणावर काहीतरी बोलला. मग याची पाळी.

तो म्हणाला, "माझी आई गेली तेव्हा मला शेवटचं बघायला मिळालं नाही. मला घरून कुणी कळवलंच नाही. माझ्या बापानं मला कळवलं नाही. सहा वर्षं झाली, ते मनातून जात नाही." आवाज थरथरला, पण तुटला नाही. मी हेडफोन लावून बसले होते.

मग तो समोरच्या मूर्तीकडे बघत बसला. आणि म्हणाला, "खोटं आहे हे."

पुढची चार मिनिटं मला पाठ आहेत. तो म्हणाला, फोन आला होता. एक नाही, तीन. प्लांटमध्ये फोन चालत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. दहाच्या चहाला तो तंबाखू घ्यायला लॉकरशी गेला आणि त्यानं बघितलं, बाबांचे तीन मिस्ड कॉल. बाबा एरवी फोन करायचे ते टीव्हीचं कार्ड संपलं म्हणून, नाहीतर कोळंबी आलीय, ये म्हणून. याला वाटलं, तसलंच काहीतरी. सुटल्यावर करू. लॉकर लावून तो परत कामावर गेला. आई तेव्हा जिवंत होती. निघाला असता तर दीड तासात पोचला असता.

"अंगणात शिरलो आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले," तो म्हणाला. "मला वाटलं, आता बाबा विचारणार, फोन का नाय उचललास. म्हणून मीच आधी ओरडलो. बाबा म्हणाले, राह्यलं. त्यांना वाटलं असेल फोन लागलाच नाही. साधा बटणांचा फोन त्यांचा, त्यांना कुठं कळतं. त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर उभा राहू शकत नाही. राग नाही मला. लाज वाटते." एवढं बोलून तो रडायला लागला. एवढा मोठा बाप्या हुंदके देऊन, नाक पुसत. कारखानदारानं त्याच्या पाठीवर हात ठेवला तर शर्टावर रंग उमटला.

शांत झाल्यावर तो मला म्हणाला, "हे काढून टाक गो."

मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात मी एपिसोड कापायला बसले. आता इथं मी स्वतःला सोडणार नाही. ‘हे’ म्हणजे कुठून कुठपर्यंत, हे मला त्याला विचारता आलं असतं. त्याला सगळंच काढून हवं होतं, हे कुणालाही कळलं असतं. पण ‘माझ्या बापानं मला कळवलं नाही’ हे वाक्य त्यानं असं काही म्हटलं होतं की ते काढायला हात धजेना. पंधरा वर्षं अशाच क्षणाची मी वाट बघत असते. डोळे भरलेत, अजून ओघळले नाहीत. ते मी ठेवलं. ‘खोटं आहे हे’पासून पुढचं सगळं काढलं. मग त्यानं सावरून बोललेली दोन वाक्यं जोडली, आईबापांशी बोला, उशीर करू नका, अशी. जोड कुठं आहे ते मलाही सापडलं नसतं. मी खूश झाले. त्याची लाज झाकली गेली आणि एपिसोडही झाला, असंच मला वाटलं.

कारखानदारानं ऐकून मेसेज केला, "एवढंच ठेवलंस? बरं दिसतं का हे?" मी लिहिलं, "बाकीचं त्यानंच काढायला सांगितलं ना," आणि पुढे एक हसरा चेहरा टाकला. त्यानं परत काही लिहिलं नाही. गणपती तोंडावर आलेले, त्याला मान वर करायला फुरसत नव्हती.

तो एपिसोड आमचा सगळ्यात जास्त ऐकला गेला. लोकांनी एकमेकांना पाठवला, पेणमधून रोह्यात, रोह्यातून आणखी कुठं कुठं. ज्याचा होता त्यानं मात्र ऐकला नाही. त्याला स्वतःचा आवाज सहन होत नसे, त्यानं आमचा एकही एपिसोड कधी ऐकला नव्हता. पण ते बोलून टाकल्यावर तो हलका झाला होता, हे दिसत होतं. पुढच्या सुट्टीला आला तो थेट कारखान्यात मूर्ती बघत फिरला. बसकी, पिवळ्या पितांबराची, फार नाही, फूटभर उंचीची एक मूर्ती त्यानं निवडली. "घरी घेऊन जातो यंदा," म्हणाला. "मूर्ती डोक्यावर असली की बाबा दारात काही बोलणार नाहीत. आत घ्यावंच लागेल." आम्ही तिघं हसलो. कारखानदारानं चिठ्ठीवर त्याच्या वडिलांचं नाव लिहून ती मूर्तीच्या पाटाला चिकटवली.

चतुर्थीच्या आठवडाभर आधी त्याचे वडील गेले. सकाळी बांधावरून येऊन ओटीवर बसले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत गेले. त्याच्या बहिणीनं शेजाऱ्याकरवी त्याला फोनवर निरोप दिला. या वेळी त्यानं पहिल्या रिंगला फोन उचलला होता.

सुतकात गणपती आणत नाहीत. चतुर्थीच्या आदल्या दिवसापर्यंत कारखाना पार रिकामा झाला आणि चिठ्ठीची ती एकच मूर्ती मांडणीवर राहिली. शेवटच्या क्षणी मूर्ती शोधत आलेली माणसं ती मागत होती. कारखानदारानं दिली नाही. "दिली गेलीय," एवढंच म्हणायचा.

बाराव्याला मी आणि कारखानदार गेलो. गावात घराघरांतून आरत्या चालू, आणि ह्यांच्या घरात माणसं हळू आवाजात बोलत होती. मित्र डोकं भादरून कोपऱ्यात बसला होता. आम्हाला बघून त्यानं मान हलवली. त्याची धाकटी बहीण गावातच दिलेली आहे, सगळं तीच बघत होती. भावासमोरून दहा वेळा गेली असेल, एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, सहा वर्षं आला नाही त्याचा राग. साहजिक आहे.

मी मागच्या दारी हात धुवायला गेले तर ती माझ्या मागोमाग आली.

"तू तीच ना गो, पेनची? मोबाईलवर बोलता ती?"

मी हो म्हटलं.

"माझा भाव तुमच्यात बोलला, बापानं कळवलं नाय. असं बोलला ना?" ती रडत नव्हती, हेच वाईट होतं. "मी हुते ना गो तवा. बाबा आईला धरून बसलेले, नंबर मीच दाबून दिला. तीनदा. रिंग पुरी वाजली तीन येला. आन् हा सगल्या दुनियेला सांगतो, कळवलं नाय! मेलेल्या आईची शपथ, मी याच्याशी जन्मात बोलायची नाय."

मी विचारलं, "बाबांनी ऐकलं ते?"

"मीच लावून दिलेलं. तुमचा लेक बोलतो बघा, म्हनून. कौतुकानं."

तिथं मला बोलायला हवं होतं. मागच्या दारी आम्ही दोघीच होतो. पण मी ओला हात पदराला पुसत उभी राहिले आणि "बघते हां" असं काहीतरी पुटपुटून पुढे आले. पेणला परत येताना गाडीवर मागे बसून मी कारखानदाराला सगळं सांगितलं. त्यानं गाडी बाजूला घेतली. मला वाटलं तो चिडेल. तो म्हणाला, "पुरं रेकॉर्डिंग आहे ना तुझ्याकडे? उडवलं तर नाहीस?" नव्हतं उडवलं. गिऱ्हाईक कधी काय मागेल सांगता येत नाही, म्हणून मी मूळचं काही उडवत नाही. "मग उद्या एकटी जा," तो म्हणाला. "मी नाही येणार. तू कापलंस, तूच जोड."

मी गेले. आदल्या दिवशीचे पाहुणे निघून गेले होते, मित्र पहाटेच रोह्याला गेला होता, त्याची शिफ्ट होती. बहीण ओटीवर भांडी मोजून शेजाऱ्यांची शेजाऱ्यांना परत लावत होती. मी तिला म्हटलं, तुझ्या भावानं काही खोटं सांगितलं नाही, मी त्याचं अर्धं तोडलं. तिला नीटसं कळलं नाही. मग मी मोबाईलवर मूळचं रेकॉर्डिंग लावलं आणि तिच्या कानाशी धरलं.

‘खोटं आहे हे’ आलं तेव्हा तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. लॉकर, तंबाखू, तीन मिस्ड कॉल, अंगण. तिनं सगळं ऐकलं. भाऊ रडायला लागला तसा तिनं मोबाईल माझ्या हातातून घेऊन आपल्याच कानाशी घट्ट धरला. संपल्यावर तिनं तो मला परत दिला.

मग म्हणाली, "बाबांना ठावं हुतं."

मला वाटलं, एपिसोडबद्दल बोलते आहे.

"नाय गो. फोनाचं. यानं फोन बघितला आन् केला नाय, ते बाबांना ठावं हुतं. तो अंगनात ओरडला ना, मागनं मी बाबांना बोलले, तुमी राह्यलं असं का म्हनालात? तीनदा लावला ना आपन? तर म्हनाले, त्याचं तोंड बघितलंस? त्यानं बघितलेला हाय फोन. आता हे त्याच्या डोक्यावर टाकलं तं तो जगायचा नाय. माझ्या डोक्यावर राहू दे, मी म्हातारा मानूस, माझ्याबरोबर जाईल. मला शपथ घातली, कुनाला बोलायचं नाय."

ती पुढे सांगत होती.

"तुमचं ते ऐकलं तवा मी पेटले ना. म्हटलं आता लावते फोन त्याला, चांगली खरडपट्टी काढते. बाबांनी मोबाईल काढून घेतला. म्हनाले, आता बोललीस तं माझी सहा वर्सं फुकट जातील."

शेजारच्या घरात पोरं टाळ्या वाजवत आरती म्हणत होती. मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं. त्या म्हाताऱ्यानं सहा वर्षं पोराचा गुन्हा आपल्या अंगावर घेतला होता, कारण पोरगा निभावेल असं त्याला वाटत नव्हतं. आणि पोरगा कारखान्यात स्टुलावर बसून तो गुन्हा स्वतःच्या तोंडानं कबूल करून मोकळा झाला होता. ती चार मिनिटं म्हाताऱ्याच्या कानावर पडली असती तर त्याला कळलं असतं की आता ओझं खाली ठेवायला हरकत नाही. त्यानं फोन केला असता. नाहीतर बहिणीनं केला असता, आणि हा गणपतीची वाट न बघता त्याच आठवड्यात गेला असता. मधे महिना-दीड महिना होता. तो मी खाल्ला. नाक गळत होतं म्हणून.

निघताना बहिणीनं विचारलं, "त्याला सांगू का नको? बाबांची शपथ हाय." मग स्वतःच म्हणाली, "तू सांग. तुला नाय घातली."

त्याच दुपारी मी रोह्याची एसटी धरली, तिथून रिक्षानं धाटाव. पहिली शिफ्ट सुटायची वेळ होती. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिले. तीनला माणसं बाहेर पडायला लागली, हेल्मेट घालत, गाड्यांना किक मारत. तो दिसला. मला तिथं बघून त्याचा चेहरा उतरला. आजकाल कुणी न सांगता समोर आलं की तो असाच बघतो.

मी आधी माझं सांगितलं. काय ठेवलं, काय काढलं, का काढलं. मग बहिणीचं सांगितलं, आणि शेवटी वडिलांचं, तिनं सांगितलं तसंच्या तसं. चहा आला, तो त्यानं बाकावर ठेवून दिला. माझ्यावर ओरडेल, शिव्या देईल, निदान उठून जाईल, असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तसं व्हावं अशी माझी इच्छा होती.

तो म्हणाला, "लाव."

मी मूळचं रेकॉर्डिंग शोधायला लागले.

"ते नाय. ते मला माहितीय. बाबांनी ऐकलं ते लाव."

मी नको म्हटलं. त्यानं हात पुढे केला. मग मी एपिसोड लावून मोबाईल दिला, इयरफोन दिले. स्वतःचा आवाज कधी न ऐकणारा हा माणूस त्या टपरीवर, येणाजाणाऱ्यांच्या मधे, अख्खा एपिसोड ऐकत बसला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता कुठपर्यंत आलं ते मला पडद्याकडे न बघताही कळत होतं. कुलूप लावलेल्या दाराची गोष्ट झाली. कारखानदाराचं जेवण झालं. मग त्याचे डोळे मिटले आणि मिटलेलेच राहिले. मी इतक्या निगुतीनं लावलेला तो जोड गेला, पुढची दोन शहाणपणाची वाक्यं गेली, ऐकल्याबद्दल सगळ्यांचे आभार मानणारा माझा आवाजही गेला असेल.

त्यानं इयरफोन काढले आणि माझ्या हातात दिले.

"एवढं ऐकलं त्यांनी," तो म्हणाला. "मी असा बोललो, सगळ्या गावासमोर, दुसऱ्यांदा. आणि त्यांनी काय केलं? तिचा फोन काढून घेतला?"

"हो."

"मला काहीच बोलले नाय? तिच्यापाशी पण नाय? एखादी शिवी?"

मी नाही म्हटलं.

"एक तरी द्यायची होती गो," तो म्हणाला. "घरी तरी गेलो असतो, भांडायला."